नळीच्या तोंडावरची खाच

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आताही सांगते आहे, ते चाचरतच.

मी पत्रकं वाचत वाढले. पिंप्राळ्याच्या आमच्या घरात बाबांच्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. अन्याय बघून गप्प बसणारा अर्धा गुन्हेगार — हे मी स्वतः किती वेळा लिहिलं असेल! आणि तरी —

जळगावच्या आमच्या नेमबाजी क्लबात दोनच रायफली होत्या. नाना, आमचे प्रशिक्षक, पहिल्याच दिवशी सांगायचे: नळीच्या तोंडाला जपा. गोळी जिथून सुटते त्या काठावर बारीकशी खाच पडली, तरी वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला ढकलतो, गोळी भरकटते. म्हणून सफाईची सळई मागून घालायची. तोंडाकडून कधीच नाही.

धुळ्याच्या निवड चाचणीआधीची सफाई माझ्याकडे होती. मला पत्रकं वाटायला जायचं होतं. मागून घालायची तर नळीमागचा सरकता बोल्ट काढा, सगळं मांडा — मी लोखंडी सळई तोंडाकडूनच खुपसली. तिरकी. खर्रकन आवाज आला. काठावरून कापूस फिरवून पाहिला, तर तंतू अडकला.

म्हणजे कळलं होतं मला. मग बोलले का नाही?

धुळ्यात मी आधी हात घालून दुसरी रायफल उचलली. ही खाच पडलेली वैशालीकडे गेली. असोद्याची वैशाली — माझ्याहून लहान, माझ्याहून सरस. यंदा निवड नाही तर नेमबाजी बंद, असं तिच्या वडिलांनी बजावलेलं. तिच्या गोळ्या विखुरल्या. एक वर, एक पार डावीकडे.

"बंदूकच फेकू राहिली वं ताई! माहा हात नाही हालला."

"सासरीही असंच सांगशील का, तवाच वाकडा?" नाना हसले.

तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मी काय म्हणाले? "श्वास चुकतोय तुझा."

तिने मान डोलावली. माझं खरं मानलं! उरलेल्या गोळ्या ती श्वास सांभाळत झाडत राहिली.

पुढे कारागिराने नळीचं तोंड नव्याने कापलं आणि तीच रायफल पाचही गोळ्या रुपयाएवढ्या जागेत घालू लागली. "तोंडाकडून सळई कोणी घातली?" नानांनी विचारलं. सगळ्यांसारखी मीही इकडेतिकडे पाहिलं. वैशाली तोवर क्लब सोडून गेली होती — आपल्याला श्वासच जमत नाही, असं समजून.

त्या निवडीत एकच जागा होती. ती मला मिळाली. मी घेतली.