बाहेरच्या खिळ्यावरचा कप

१९६० साली मी उस्मानाबादच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. वडील मेंढ्या राखायचे. त्यामुळे इंग्रजीच्या सरांनी एक दिवस वर्गाबाहेर बोलावलं, तेव्हा आपलं काहीतरी चुकलं असणार असंच मला वाटलं.

सर म्हणाले, "अमेरिकेतले एक अभ्यासक आलेत. त्यांना तेर गावच्या जुन्या वस्तू बघायच्यात, टेकाडावरचं खोदकाम बघायचंय. तू तिथलाच. सोबत जा, दुभाष्याचं काम कर." मी निघालो तसे हळूच म्हणाले, "गावातलं नको ते त्यांच्या नजरेला पडू देऊ नकोस. देशाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

नको ते म्हणजे काय, हे सरांनी सांगितलं नाही. पण माझ्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट आली. आमच्या गावच्या मोटार स्टँडजवळ एक चहाचं हॉटेल होतं. त्याच्या बाहेर, वळचणीखाली, एका खिळ्याला कड उडालेला कप अडकवलेला असे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतलं कोणी चहाला आलं की त्यानं तो कप काढायचा, हॉटेलवाल्यानं वरून चहा ओतायचा, आणि पिऊन झाल्यावर त्यानंच तो विसळून पुन्हा खिळ्याला लावायचा. हा कप मी लहानपणापासून पाहत आलो होतो. परक्या माणसाला तो कसा दिसेल, हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं. पाहुण्याला हॉटेलाकडं फिरकू द्यायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं.

पाहुणा काळा होता. मला याची कल्पना नव्हती. अमेरिका म्हणजे आभाळाला टेकलेल्या इमारती, गावच्या शाळेत येणारे दुधाच्या पावडरीचे डबे, आणि गोरी माणसं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हा माणूस एवढा उंच की मोटारीच्या दारातून वाकून आत आला, आणि मला खिडकीची जागा देऊन स्वतः कडेला बसला. माझ्याशी असं कोणी वागलं नव्हतं. मी अंग चोरून बसलो.

वाटेत त्यानं विचारलं, कॉलेजात काय काय करतोस? मी चाचरत सांगितलं की नुकताच वक्तृत्व स्पर्धेत बोललो. विषय होता, 'बलाढ्य राष्ट्रांतील सामाजिक प्रश्न कोणी सोडवावेत?' त्यानं माझ्याकडं वळून पाहिलं. "मग काय सांगितलंस?" मी म्हणालो, जगातल्या इतर समंजस राष्ट्रांनी एकत्र येऊन सोडवावेत. वर्तमानपत्रातून पाठ केलं होतं ते. उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं होतं. तो हसला नाही. विचार करत बाहेर बघत राहिला.

टेकाडावर खोदणाऱ्यांत गावकुसाबाहेरच्या वस्तीतले एक दादा होते. त्यांनी मातीतून निघालेला एक मणी पाहुण्याच्या तळहातावर ठेवला. पाहुणा पांढऱ्या मातीत गुडघे टेकून तो मणी उन्हात फिरवत राहिला. एवढ्या मोठ्या देशातला माणूस आमच्या मातीत गुडघे टेकून बसलाय, हे बघून मला काही सुचेना.

परत येताना मी त्याला मागच्या गल्लीनं आणलं. पण मोटार यायची होती, आणि स्टँड तर हॉटेलासमोरच. हॉटेलाच्या पडवीतल्या बाकावर एक म्हातारे आबा बसले होते. निजामाच्या काळात ते तहसिलीत शिपाई होते. हैदराबादेत त्यांनी निजामाचे आफ्रिकी वंशाचे सिद्दी घोडेस्वार पाहिले होते. पाहुणा दिसताच आबा थरथरत उभे राहिले आणि लवून सलाम केला.

"सलाम सरकार! हैदराबादेहून कवा आलासा?"

आतून हॉटेलवाले मामा ओरडले, "आबा, बसा खाली! निजाम न्हाय आला, अमेरिका आलीया!"

सगळे हसले. पाहुण्यानं कारण विचारलं. मी सांगितल्यावर तोही मोठ्यानं हसला, आबांना धरून खाली बसवलं आणि त्यांच्याच शेजारी बाकावर बसला. झालं. आम्ही हॉटेलात होतो.

मामांनी कपबशी पुसता पुसता मला हळूच विचारलं, "ह्यांची जात काय म्हनायची?"

"अमेरिकेत जात नसते, मामा," मी ठणकावून सांगितलं.

तेवढ्यात खोदकामावरचे दादा आले. त्यांनी खिळ्यावरचा कप काढला, चहा घेतला आणि बाहेरच्या दगडावर बसले. पाहुणा बघत होता. "मला मणी दिला तो हाच ना? मग तो बाहेर का बसलाय? तो कप वेगळा का?"

 त्याला बाहेरची हवा आवडते, असं एक वाक्य मी इंग्रजीत जुळवलंसुद्धा.

"काय इचारतोय त्यो?" दादांनी बाहेरून विचारलं.

"काही नाही."

"काय न्हाय कसं? माझ्याकडं बोट हाय त्याचं. सांग की खरं हाय ते. येवढं इंग्रजी शिकलास आन् आता दातखीळ बसली व्हय?"

मी सांगितलं. अडखळत, चुकत, पण सगळं सांगितलं. पाहुण्यानं कपबशी खाली ठेवली. मग त्यानं त्याच्या शहराची हकीकत सांगितली, आणि मी मराठीत सांगत गेलो. तिथं त्याच्या रंगाच्या माणसाला हॉटेलात बसू देत नाहीत. मागच्या खिडकीतून पाव देतात. तो गल्लीत उभ्यानं खायचा. त्याच्या वडिलांनीही तसाच खाल्ला.

मामांचा पळी धरलेला हात तसाच राहिला. "अमेरिकेत? येवढ्या मोठ्या देशात? आन् जात नसती म्हनलास की रं तू!"

आबा म्हणाले, "तिथं सरकार न्हाय का?"

"आहे. फार मोठं आहे," मी म्हणालो.

"मग मिटवनार कोन हे? रशिया?"

पाहुण्याला हे सांगितलं तेव्हा मला माझं भाषण आठवलं आणि कान तापले. तो मात्र शांतपणे म्हणाला, "आमची कॉलेजातली पोरं. या मुलाएवढी. हॉटेलात आत जाऊन स्टुलावर बसतात आणि कॉफी मागतात. लोक अंगावर साखर ओततात, ओढून बाहेर काढतात. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जाऊन बसतात."

"मारत्यात?" दादांनी विचारलं.

"मारतात."

"आन् ती?"

"हात उचलत नाहीत."

 अणुबॉम्ब बाळगणाऱ्या देशात माझ्या वयाची पोरं एका स्टुलासाठी मार खातात, हे माझ्या डोक्यात मावत नव्हतं. 

दादांनी चहा संपवला. कप विसळला. खिळ्यापाशी क्षणभर थांबले, मग आत वाकून तो मामांच्या टेबलावर इतर कपांच्या शेजारी ठेवला, आणि टेकाडाकडं चालते झाले. मामांनी कपाकडं बघितलं, पाहुण्याकडं बघितलं. तेवढ्यात मोटार आली.

उस्मानाबादला उतरताना पाहुण्यानं मला त्याचा पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी सरांना मी म्हणालो, "सगळं दिसलं त्यांना, सर. मीच सांगितलं." सरांनी चष्मा काढून पुसला. रागावले नाहीत.

दिवाळीला गावी गेलो तर खिळा रिकामा होता. हॉटेलात सगळ्यांनाच काचेचे ग्लास. मी काही विचारायच्या आतच मामा स्टोव्हकडं बघत म्हणाले, "कप लई फुटत्यात. गिलास परवडत्यात." दादा बाहेर त्याच दगडावर होते. हातात ग्लास होता.

त्यांनी मला खुणेनं बोलावलं. "ती पोरं? बसू देत्यात का आता?"

"काही गावांत देतात, काही गावांत नाही. अजून जाऊन बसतायत. पेपरात येतं."

दादा ग्लास हातात फिरवत राहिले. "पत्ता हाय न्हवं तुझ्याकडं? लिही त्याला. म्हनावं, आमचा कप गेला. आत बसायचं ऱ्हायलंय."

ती दोन वाक्यं इंग्रजीत लिहायला मला अख्खी दुपार लागली.