चंचीच्या जागी पिस्तूल

शिलाई मशीनला तेल देताना त्याचा वास येतो आणि वरूडच्या आमच्या ओसरीवरचं, तसाच वास येणारं छोटं पिस्तूल डोळ्यांपुढे उभं राहतं. संत्र्याच्या बागेत एकट्यानं जावं लागे, म्हणून बाबांनी परवाना काढून ते अमरावतीच्या दुकानातून आणलं होतं; आठ दिवसांत पसंत पडलं नाही तर परत घेईन, असं दुकानदार म्हणाला होता. गोळ्या कपाटात ठेवून बाबा ते रिकामंच अंगावर वागवून पाहत. कोटात ठेवलं की खिसा लोंबे, धोतरात खोवलं की उकिडवं बसताना पोटात रुते. शेवटी मोच्याकडून कातडी खोळ शिवून घेऊन त्यांनी ते डाव्या कमरेला, तंबाखूच्या चंचीच्या जागी अडकवलं आणि चंची उजवीकडे नेली. त्याच आठवड्यात मला पाहायला अकोल्याचे पाहुणे आले. आधीची दोन स्थळं मोडली होती, त्यामुळे आईचा जीव टांगणीला लागला होता. पाहुणे टेकताच बाबांनी रिवाजाप्रमाणे तंबाखू द्यायला हात घातला, तो सवयीनं डावीकडेच गेला, आणि "घ्या जी" म्हणत त्यांनी मुलाच्या वडिलांच्या हातात खोळीसकट पिस्तूल ठेवलं. वडिलांनी ते तळहातावर जोखलं, उलटंपालटं केलं आणि शांतपणे विचारलं, "याच्यात चुना कुठी ठेवता जी?" दाराआड मी तोंडात पदर कोंबला, आणि याच घरात जायचं हे तिथंच ठरवून टाकलं. पिस्तूल परत गेलं; खोळ मात्र सासऱ्यांनी मागून घेतली आणि जन्मभर तिच्यात तंबाखू ठेवला. आता तिच्यात माझी कात्री असते. उद्या नातीला पाहायला पाहुणे येणार आहेत. बाकीचे मुलाची नोकरी विचारतील. त्याच्या बापाला हसता येतं का, एवढंच मी पाहणार आहे.