हगवणीच्या दारी लिंबाचा डहाळा

"तिथंच ऱ्हाय उषाबाई. जोत्यावर चढू नको."

"आगं, पण कामून? लेकराचा समाचार घ्यायला आले मी. रातभर उलटून राह्यलं म्हने."

"नुसत्या उलट्या न्हाईत. देवी निंगाल्या अंगावर. दारावरचा डहाळा दिसंना का तुला?"

उषाबाईनं उचललेला पाय तसाच खाली घेतला. दारावरच्या लिंबाच्या डहाळ्याकडं पाहून हात जोडले, दोन्ही गालांवर मारून घेतलं.

"आई गं माय, चुकले! पण कालपस्तोर तर हगवण व्हती म्हनत व्हतीस तू."

"काल व्हती. आज देवी हाय. जाय आता, आन् गल्लीत सांग, कोनी फिरकू नका म्हनावं."

"सांगायचं काय त्यात? मला सांगितलं म्हंजे दवंडीच दिली समज."

शेजारीण गेली. तुळजाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आन् आत वळली. ती धादांत खोटं बोलली होती. आत सुनेच्या मांडीवर पडलेल्या नातवाच्या, मच्छिंद्राच्या अंगावर पुरळाचा एक ठिपका नव्हता. त्याला होती ती थंडीतली उलटी-हगवणच.

पुसाचा महिना होता. रानात कापूस फुटून लोंबत होता, ज्वारी हुरड्याला टेकली होती. रझाकारीच्याही धा-बारा सालं आधीची ही गोष्ट, वाटूरच्या अलीकडच्या एका लहानशा गावातली. थंडी पडली की ही हगवण गावात यायचीच. पटकीसारखी गाव ओस पाडणारी नव्हे. ही सोयऱ्यासारखी घरोघर मुक्काम करायची. धट्टाकट्टा गडी दोन दिवस टमरेल घेऊन पळायचा आन् तिसऱ्या दिवशी मोट धरायचा. लेकरं आन् म्हातारी माणसं मात्र तिच्या तडाख्यात सापडायची.

आन् समाचाराची रीत अशी, की आजाऱ्याच्या घरी न गेलेली बाई म्हणजे दगड. बाया घोळक्यानं जायच्या. लेकरू मांडीवर घ्यायच्या, त्याचं तोंड पदरानं पुसायच्या, घरच्या तांब्यातलं पाणी प्यायच्या, गुळाचा खडा तोंडात टाकायच्या आन् तशाच घरी जाऊन पीठ मळायला बसायच्या. मागल्या थंडीत गल्लीतल्या कचरूचं अख्खं घर हगवणीनं आडवं पडलं तेव्हा तुळजाबाईनं नीट पाह्यलं होतं. समाचाराला जी-जी गेली, तिच्या-तिच्या घरी पुढं हगवण लागली. जी रागानं गेली नाही, तिचं घर धड राह्यलं. का, ते तुळजाबाईला सांगता आलं नसतं. कुणालाच आलं नसतं. पण दिसलं ते दिसलं.

आता सरळ "येऊ नका" म्हणावं, तर जन्माचं वैर. देवी असली की मात्र कुणाला सांगावं लागत नाही. दारावर लिंब दिसला की परकं माणूस उंबऱ्याला शिवत नाही. म्हणून तिनं पहाटेच परसातल्या लिंबाचा डहाळा मोडून आणला होता.

"आत्याबाई," साळूबाई, तिची सून, घाबरून म्हणाली, "देवीचं नाव घेतलंत, खरंच आली म्हंजे?"

"आली तर बोलन मी तिच्यासंगं. ती बी बाईमाणूसच हाय. तू लेकराकडं पाह्य."

देवीचं सोंग करायचं तर नीट करावं लागतं. घरात फोडणी बंद, कारण फोडणीचा वास गल्लीभर जातो. दोघी सासू-सुना अळणी वरणात भाकरी बुडवून खात. कापूस वेचायला मजूरबाया येईनात, पांढरा कापूस बोंडातून गळून मातीत पडायला लागला. पोरगा, कडूबा, कापसाची गाडी घेऊन जालन्याला जिनिंगवर गेल्ता आन् तिथं नंबर लागत नव्हता. नवरा तर कधीचाच गेलेला. तुळजाबाईला दिवसभर एकच काम होतं: लेकराची घाण झालेली फडकी ओढ्याच्या पार खालच्या अंगाला धुवायची, राखेनं कोपरापर्यंत हात घासायचे, येऊन पेज शिजवायची, आन् पेज पोटात गेली की पुन्हा फडकी. तिची कंबर धरली होती. बसली की उठवेना, आन् उठली की बसायला जागा सापडेना.

तिसऱ्या दिवसापर्यंत लेकरू मात्र पार उतरलं होतं. डोळे आत गेले, जीभ चामड्यावानी झाली. रडायचं, पण डोळ्यांतून टिपूस येत नव्हतं. आन् काल दुपारपासून त्यानं लघवी केली नव्हती. तुळजाबाईचं सगळं ध्यान तिथं होतं. ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज, त्यात मिठाचा खडा आन् नखाएवढा गूळ. कापसाचा बोळा भिजवून साळूबाई थेंब-थेंब तोंडात पिळायची. अर्धं उलटून यायचं. जरा थांबायचं, पुन्हा बोळा.

अशात दुपारी दारात बैलगाडी येऊन थांबली. साळूबाईची आई, दुर्गाबाई, जांबहून आल्ती. नातवाला देवी निघाल्याचा निरोप तिला वाटूरच्या बाजारातून गेल्ता. गाडीतून उतरली ती जोत्याखालीच उभी राह्यली आन् हातातलं सूप पुढं केलं.

"इहीनबाई, देवीची ओटी आणली. खण, नारळ, दही, समदं बराबर हाय. तुमीच आत न्या. मी इथंच थांबते."

तुळजाबाई पुढं झाली, पण तिचा हात सुपापर्यंत जाईना. गल्लीला फसवणं निराळं, देवीची ओटी खोट्यानं घेणं निराळं.

"ओटी नका देऊ, इहीनबाई."

दुर्गाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हंजे? लेकरू…"

"हाय. लेकरू हाय. देवीच आल्या न्हाईत. हगवण हाय ती."

दुर्गाबाई मटकन धुळीत बसली. मग तिला राग चढला आन् रागाबरोबर ती उठली.

"देवीच्या नावानं खोटं? वाटंनं नवस बोलत आले मी! लवकर पोचावं म्हून वाटंत बैलाला पाणी बी दावलं न्हाई, आन् तुमी डहाळे लावून राह्यल्या?"

गल्लीतली दारं हळूच किलकिली झाली. एवढ्यात दुर्गाबाईला दारातून लेकीच्या हातातली वाटी दिसली.

"आन् हे काय? पेज? हगवणीत पाजून राह्यल्या? पाजलं तेवढं खाली जातं, एवढं बी कळंना का? पाणी तोडा. बिलकुल तोडा. कोरडं ठिवलं की आपसूक बांधतं."

"थोडं जातं, थोडं ऱ्हातं."

"कोनी सांगितलं तुमाला?"

"कोनीच न्हाई. माझी दोन कोरडीच गेली, इहीनबाई. थोरली पोरगी रांजणाकडं हात करू-करू गेली. सासूनं रांजणावर पाटा ठिवला व्हता." तुळजाबाईचा आवाज वर चढला नाही. चढवायला अंगात जोर नव्हता. "पाजून वाचंल का, मला म्हाईत न्हाई. कोरडं ठिवून वाचलेलं मी पाह्यलं न्हाई, येवढंच म्हाईत."

"साळू, ठिव ती वाटी खाली!" दुर्गाबाई लेकीवर ओरडली.

साळूबाईनं आईकडं पाह्यलं नाही, सासूकडंही नाही. तिनं बोळा बुडवला आन् लेकराच्या ओठावर पिळला.

दुर्गाबाई तरातरा जोत्याकडं निघाली. तुळजाबाई दारात आडवी झाली.

"या ना. तुमचाच नातू हाय, मी कोन अडवणारी? पण आत आलात तर ही हगवण जांबला घिऊन जाल. थोरल्या सुनेचं तान्हं हाय ना तिथं?"

तेवढ्यावर दुर्गाबाई थांबली. शिव्या देत देत मागं फिरली, बैल सोडले, त्यांना पाणी दावलं आन् समोरच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली. जायची नाही आन् यायची नाही. मधूनच ओरडायची, "आता काय करून राह्यलं?" आतून साळूबाई म्हणायची, "हाय तसंच." पेज संपली की दुर्गाबाईच शिव्यांसकट सरपण आणून जोत्यावर टाकायची.

दिवस कलला. साळूबाईचे डोळे मिटायला लागले म्हणून तुळजाबाईनं लेकरू आपल्या मांडीवर घेतलं आन् बोळा हातात धरला. उलटी थांबून बराच वेळ झाला होता. पण थांबली म्हणजे बरी, की संपत आलं म्हणून थांबली, हे तिला कळेना. ती पिळत राह्यली. आन् मग मांडीवर काहीतरी कोमट लागलं. तिला वाटलं, पुन्हा हगलं. हात घालून पाह्यलं, हुंगलं.

"साळू, ऊठ. मुतलंय गं हे."

"काय झालं?" बाहेरून दुर्गाबाई.

"मुतलं!"

"तुमच्या शब्दावर इस्वास न्हाई मला. लुगडं दाखवा!"

तुळजाबाई लेकरू सुनेकडं देऊन कंबर धरत उठली आन् दारात येऊन ओलं लुगडं उजेडाला धरलं. दुर्गाबाईनं लांबूनच मान वाकडी करून करून पाह्यलं. किलकिल्या दारांतून गल्लीनंही पाह्यलं. मग दुर्गाबाई पदर तोंडात कोंबून हसायला लागली, आन् हसता हसता तिचं रडणं कधी झालं ते कळलं नाही.

गावानं हे सुखासुखी सोडलं नाही. देवीचं नाव खोटं घेतलं म्हणून तुळजाबाईला दहीभात घेऊन देवीआईच्या देवळात नाक घासावं लागलं. त्या संक्रांतीला तिच्या सुनेला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. थंडीतल्या हगवणीला गावात "तुळजाबाईची देवी" म्हणायला लागले ते लागलेच. पुढं पुढं तर लोक हगवणीतही दारावर लिंब लावायचे, आन् लिंबाखालून वाकून आत जाऊन तांब्याभर पाणी पिऊन समाचार घ्यायचे. तुळजाबाई हे पाह्यची आन् आपल्या वाटेनं जायची. कितींदा बोलावं माणसानं?

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकरू छातीला लागलं होतं, दुर्गाबाई उजाडताच जांबला परतली होती, आन् साळूबाई स्वतःच हगवणीनं आडवी पडली होती. कडूबा रात्रीत जालन्याहून आल्ता. त्याच्या हातात तुळजाबाईनं वाटी दिली.

"पेज थोडी-थोडी पाज. दोघांला बी. हात राखेनं धू."

"मला कुठं जमतंय आई ते?"

"गाडी हाकाया जमती ना? मंग जमंल."

तिच्या स्वतःच्या पोटात रात्रीपासून गुरगुरत होतं. तिनं घोटभर मिठाचं पाणी घेतलं, कमरेला कापूस वेचायची ओटी बांधली. गल्लीच्या तोंडाशी उषाबाई भेटली.

"काय गं, आता सुनेला बी देवी का?"

"न्हाई. हगवण. आन् मला बी लागून राह्यली, लांबून चाल."

उषाबाई खरंच चार हात बाजूला झाली. तुळजाबाई रानात पोचली तेव्हा दव उतरलं नव्हतं. मातीत पडलेला कापूस आधी उचलावा लागणार होता, काडी-कचरा झटकत. ती कापसाच्या पहिल्या ओळीला वाकली आन् मातीतला कापूस वेचून ओटीत टाकायला लागली.