वजनकाट्याची दृष्ट

मी नवसाचा. त्यामुळे माझ्या अंगावर माझ्यापेक्षा देवांचाच हक्क जास्त. कमरेला चांदीचा करदोटा, पायांत तोडे, हातांत कडी, दंडावर पेटी; आजीने ज्या ज्या देवाला साकडं घातलं, त्याच्या नावाचा एकेक दागिना. सहा वर्षांचा घोडा झालो तरी त्यातला एकही उतरवायची सोय नव्हती. देऊळघाटच्या आमच्या गल्लीत मी येतोय हे आवाजावरूनच कळायचं.

त्या आषाढात मला मोठा ताप आला. जिल्ह्याच्या गावी तेव्हा लहान मुलांचा वेगळा सरकारी दवाखाना होता, तिथे मला नेलं. नर्सबाई दागिने काढा म्हणाल्या, तेव्हा आजीने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मला तसाच काट्यावर उभा केला आणि वजन लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी आजी गावी गेली, तशी बाबांना चोरीची धास्ती वाटू लागली. त्यांनी सगळी चांदी उतरवली, धोतराच्या सोग्यात बांधली आणि घरी नेऊन संदुकीत टाकली.

ताप उतरला, पण मी पार वाळून गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, आला तेव्हाचं वजन तरी भरू द्या, मग घरी न्या. मला घाई होती. यंदा पोळ्याला आमच्या पांढऱ्या बैलाचा कासरा तोरणाखाली मी धरायचा, असं बाबांनी कबूल केलं होतं. तापाचं मला काही वाटलं नाही. पोळा चुकेल या विचाराने मात्र रडू यायचं.

मग माझं खाणं सुरू झालं. दूध, अंडी, केळी, वर नाक दाबून माशाचं तेल. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला केळी आवडत नसत, तीही मीच संपवली. गाल वर आले, चड्डीची नाडी पुरेना. पण सोमवारी काट्यावर उभं केलं की वजन आल्या दिवसापेक्षा कमीच! डॉक्टर चक्रावले. त्यांनी टॉनिक बदललं, मग आईला विचारलं, की दूध नक्की पोरगाच पितो ना? आईला ते फार लागलं.

आजीने भेटीला येऊन वेगळंच निदान केलं. तिच्या मते नजर पोराला नव्हे, काट्याला लागली होती. नर्सबाईंची पाठ वळताच तिने मीठ-मोहऱ्यांनी वजनकाट्याची दृष्ट काढली. मोहऱ्या जाळायला चूल नव्हती, म्हणून तिथेच कोपऱ्यात टाकल्या. त्यांच्यावरून डॉक्टर घसरता घसरता वाचले.

पोळ्याच्या आदल्या दिवशीही मी खाटेवरच. सणाला पोरगं बोडकं नको म्हणून आजी घरून चांदी घेऊन आली आणि तिने ती सगळी माझ्या अंगावर चढवली. डॉक्टर आले तसा मी त्यांचा कोटच धरला, एकदा वजन करा म्हणून. त्यांनी वैतागून मला उभं केलं आणि काट्याने उडीच मारली. डॉक्टरांनी चष्मा पुसला. कालपासून याने काय खाल्लं, असं त्यांनी विचारलं. आजी म्हणाली, भाकर.

तेवढ्यात त्यांची नजर करदोट्यावर गेली. हे पहिल्या दिवशी अंगावर होतं का, असं त्यांनी हळूच विचारलं. आजी तोऱ्यात म्हणाली, "जलमापासून हाय."

डॉक्टर शेजारच्या खाटेवर बसले आणि नर्सबाईंनी पाणी आणून देईपर्यंत हसत राहिले. मग म्हणाले, "आजच घरी न्या याला. पुढच्या वेळी नुसतं पोरगं आणा, सराफाचं दुकान नको."

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली मी कासरा धरून उभा होतो. इतका खूश होतो की कासरा मी धरलाय की बैलाने मला, याचीही शुद्ध नव्हती. माझ्या अंगावर मात्र एकही दागिना नव्हता. तोडे बैलाच्या शिंगांत होते आणि करदोटा त्याच्या कपाळावर. शेजारणीने आजीला विचारलं, नवसाची चांदी बैलाले काऊन घातली वं माय?

आजी म्हणाली, "त्याले कोनी काट्यावर उभं करत नाही."