‘दिली’ म्हण

“डबी दे.”

“देते.”

“कधी?”

“देते ना.”

शिवणवालीनं कपाळाला हात लावला. तिची साडेचार वर्षांची लेक, भिंगरी, सकाळपासून हेच करत होती. चप्पल घाल म्हटलं की ‘घालते’, दूध पी म्हटलं की ‘पिते’. तोंडानं सगळी कामं उरकलेली, हातानं एक नाही. आज तर मशीनच्या पोटातली बॉबिनची डबीच पळवलेली, आणि डबीवाचून मशीन म्हणजे नुसतं लोखंड. पुढ्यात कोट पडलेला, त्याची एक बाही जोडायची राहिलेली. कोटवाला बाराच्या आत येणार होता. हॉटेलाच्या दारावर दरवान म्हणून त्याची आज पहिली पाळी, आणि कोट नसेल तर पाऊल टाकू नको असं साहेबानं त्याला बजावलेलं.

तिनं चिंध्यांचं गाठोडं उपसलं, खाटेखाली झाडू घातला, गोड बोलून पाहिलं, डोळे वटारून पाहिले. पोरगी आपली जमिनीवर बटणांची रांग लावतेय.

“आता ‘देते’ म्हणायचं नाही. ‘दिली’ म्हण.”

पोरीनं जरा विचार केला. “दिली.”

“हात दाखव.”

हात रिकामे. पाठीत धपाटा घालायची फार इच्छा झाली, पण एकदा भोकाड पसरलं की डबीही गेली आणि वेळही. शेवटी शिवणवाली सुईत दोरा ओवून हातशिलाईला बसली. मशीनवरचं पाच मिनिटांचं काम, हातानं तासाभराचं. सुई दोनदा बोटात शिरली आणि दोन्ही वेळा शिव्या पोरीच्या बापाला गेल्या. तो बिचारा कामावर.

पावणेबाराला दरवान आला. कोट अंगात घालून त्यानं खांदे हलवून पाहिले. बाही चोख बसली होती. मग पाकीट ठेवायला आतल्या खिशात हात घातला आणि थांबला.

“ताई, हे काय ठेवलंत?”

तळहातावर डबी.

“मामाला दिली,” पोरगी बटणांवरची नजर न काढता म्हणाली. “सांगितलं ना.”

दरवानाला हसू आवरेना. पोर खरं बोलली होती, ‘कुणाला?’ एवढंच विचारायचं राहिलं, असं तो म्हणायला लागला.

“तुम्ही निघा. उशीर होईल,” शिवणवाली म्हणाली.

तो गेला. तिनं पोरीला मारायला हात उचलला, पण मारायचं कशासाठी तेच तिला सांगता येईना. तिनं बोटाला चिंधी गुंडाळली, डबी मशीनच्या पोटात ढकलली, पुढची विजार ओढली आणि पायडल हाणायला सुरुवात केली.