टाळी वाजली की वळायचं

"पाठ फिरवून उभी राहा," सर म्हणाले. मी राहिले. मागून टाळी वाजली. मी वळले.

"देखा? ऐकू येतं हिला. नुसती नाटकं."

सगळं ऑफिस हसलं. मीही हसले.

काशीगावातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी बिलं बनवते. डावा कान पूर्ण गेलेला, उजव्याला मशीन. आवाज कळतो, शब्द निसटतात. माझं मागणं एवढंच होतं, बिलात काही बदल असेल तर समोर येऊन सांगा, नाहीतर ग्रुपवर टाका.

सर म्हणाले, "एकीसाठी वेगळं केलं तर उद्या सगळेच मागतील. इथे रूल सगळ्यांना सेम."

त्या दिवसापासून मला नाव उरलं नाही. चहा आला, टाळी. सरांनी बोलावलं, टाळी. बाकीचेही वाजवायला लागले. मी वळायची. दात काढायची. सर लांबून काहीतरी बोलायचे, मी न कळताच "हो सर" म्हणायची. बिल चुकलं की खाली मान घालून शिव्या खायची.

डोंगरीला घरी हे सगळं मी गंमत म्हणून सांगितलं. आई मासळी साफ करत होती. ती ओल्या हातांनीच उठली आणि माझ्यासमोर येऊन बसली. आमच्या घरात सगळे माझ्याशी असंच बोलतात. त्यासाठी कधी कुणी रूल केला नव्हता.

"हसायचं काय हाय त्यात?" ती म्हणाली. "तू कशाला हसलीस?"

मला तोंड वर करता येईना. सरांची नाही, माझी मलाच शिसारी आली. ते माझी थट्टा करत होते आणि मी त्यांना साथ देत होते.

सोमवारी टाळी वाजली. मला ऐकू आली. मान आपोआप वळत होती. मी टेबलाची कड घट्ट धरली. पुन्हा टाळी. मग सरच फिरून समोर आले.

"बहिरी झालीस का पूर्ण?"

"टाळी ऐकली, सर. टाळीला वळणार नाही. माझं नाव आहे."

"अ‍ॅटिट्यूड दाखवतेस?"

माझे कान तापले होते. कुणी माझ्या बाजूने बोललं नाही. सर पाठ करून चालता चालता काहीतरी सांगू लागले.

"कळलं नाही, सर. इकडे बघून सांगा."

ते थांबले. चिडून सांगितलं. अर्धंच कळलं. मी पुन्हा विचारलं.

अजूनही रोज विचारते. रोज लाज वाटते. नोकरी गेली तर जाईल. न कळलेल्याला मी हो म्हणणार नाही.