तापीकाठचा जहाजी कायदा

उजव्या हाताची तर्जनी वर, डोळे मिटलेले, मग एखादा लॅटिन शब्द आणि त्यापाठोपाठ, "म्हणजे काय, सांगतो." बुऱ्हाणपूरच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा हा वकील तुम्ही पाहिला असता, तर तुम्हीही माझ्यासारखेच जळला असता.

त्याच्याकडे सागरी कायद्याचं एक जाडजूड, पुठ्ठा निघालेलं पुस्तक होतं. आमच्या गावात त्याचा काय उपयोग? पण तो करायचा. बुधवारा मोहल्ल्यातल्या त्याच्या घरी कोणी फार वेळ बसलं की म्हणायचा, "आता डेमरेज लागेल. म्हणजे काय, सांगतो. जहाज बंदरात ठरल्यापेक्षा जास्त अडकवलं की भरावा लागतो तो आकार." पाहुणे उठायचं सोडून आणखी एक शब्द ऐकायला बसत. माझ्याकडे चहा संपला की उठत.

एका पावसाळ्यात तापी फुगली. राजघाटाकडे येणारी नाव कलंडू लागली, तेव्हा नावाड्याने कडेला रचलेले केळीचे घड पाण्यात लोटले. माणसं वाचली, बाकीच्यांचे घडही वाचले. गेले ते एकाच शेतकऱ्याचे घड, आणि तो माझा पक्षकार, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचा.

"वकीलसाब, जीव सगळ्यांचा वाचला, मग माल माझाच काहून गेला?"

मी म्हणालो, नावाड्याने जीव वाचवले, त्याच्यावर दावा टिकणार नाही. शेजारी तर्जनी वर गेली.

"लेक्स ऱ्होडिया. म्हणजे काय, सांगतो. सगळ्यांना वाचवायला जे समुद्रात टाकलं, ते सगळ्यांनी मिळून भरून द्यायचं."

संध्याकाळी नावेतल्या बाकीच्यांना घाटावर बसवून त्याने हेच समजावलं. प्रत्येकाने आपल्या घडांतून वाटा काढून दिला. माझा पक्षकार त्या दिवसापासून त्याच्या टेबलाशी बसू लागला. ते मला फार लागलं.

पुढे राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि तो मुलीकडे नागपूरला निघून गेला. मला वाटलं, सुटलो.

पक्षकार परत माझ्याकडे आला. "नाववाल्यांचा पुन्हा झगडा झाला, वकीलसाब. त्या दुसऱ्या वकीलसाबांचा तो शब्द काय होता?"

मी तो केव्हाच पाठ केला होता. तर्जनी वर करून अर्थासकट सांगितला.

"हां, बिल्कुल तेच," तो म्हणाला. मग शेजारच्या रिकाम्या टेबलाकडे बघत राहिला. "पण ते सांगायचे ना, तर समुद्र दिसायचा."

समुद्र माझ्या त्या शेजाऱ्याने तरी कुठे पाहिला होता? पण तो सांगायचा तेव्हा मलाही समुद्र दिसायचा, आणि माझं दुखणं तेच होतं.